आधी जेवण, मग इरजिक

मनुबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. समोर उभं आहे ते माणूस की मेंढरू, एवढंच काय ते तिला कळायचं. पण कान असे शाबूत, की उतरंडीच्या खालच्या मडक्याशी उंदीर खुडबुडला तर म्हातारी बाहेर ओट्यावर बसून सांगायची. त्या घरात काही लपवायचं झालं तर ते मनुबाईच्या डोळ्यांपासून लपवून भागत नसे, कानांपासून लपवावं लागे. तिच्या सुनेला, धोंडुबाईला, हे पंचवीस वर्षांच्या संसारात पुरतं ठाऊक झालेलं. तरीही अठ्ठ्याहत्तर सालच्या माघात या शहाण्या बाईनं सासूपासून एक गोष्ट लपवायला घेतली, आणि तीही जिवावरची.

लिंबाचीवाडी आटपाडीच्या अंगाची. पाऊस तिथं घाईतल्या पाव्हण्यासारखा येतो, पाणी पितो आणि चप्पल घालतो. अशा मुलखात शेतीवर कुणाचं भागणार? म्हणून धोंडुबाईच्या सासरचं घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. दसरा झाला की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं, कराड-पाटणच्या बाजूला उतरायचं, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, त्याबदली धान्य घ्यायचं आणि मिरग जवळ आला की माघारी फिरायचं. धोंडुबाईचा थोरला मुलगा बाळासो कराडच्या अलीकडं उसाच्या बांधावर जन्मला. दुसऱ्या दिवशी बाळंतीण घोड्यावर बसून कळपामागं निघालीसुद्धा. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्यांचं पाल पाटणजवळ होतं. सगळी मेंढरं एकदम उठून उभी राहिली, माणसं ओरडत सुटली, आणि ही बाई कोकरांच्या डालग्यावर पालथी पडून राहिली. नंतर कुणी विचारलं, भ्याली न्हाईस का, तर म्हणाली, "भ्यायला सवड कुठं हुती?"

बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली. नवरा-बायकोनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली. दुष्काळ सरल्यावर आकारामनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, पुन्हा कळप जमवायचा नाद सोडला आणि माळाखालच्या काळ्या रानात शाळू ज्वारी पेरायला सुरुवात केली. बाळासो मोठा होऊन पलटणीत गेला, धाकटी विजयमाला कराडला दिली. घरात उरली तीन माणसं आणि दहा-बारा मेंढरं. आकाराम तसा पाच हात उंच गडी, आवाज ढोलासारखा, पण बायकोपुढं गरीब. आणि धोंडुबाई कमी बोलणारी. दुखणं सांगत बसलं की ते लाडावतं, दुर्लक्ष केलं की कंटाळून निघून जातं, अशी तिची पक्की समजूत. पंचेचाळीस वर्षं ही समजूत खोटी ठरली नव्हती.

मग दिवाळीच्या सुमारास तिला डाव्या छातीत गाठ लागली. दुखत नव्हती, खुपत नव्हती. जे दुखत नाही त्याला दुखणं कसं म्हणायचं? तिनं ती महिना-दीड महिना पदराखाली ठेवली. पण नवऱ्याच्या नजरेतून काय सुटतंय. आकारामनं विचारलं, ती "काय न्हाई" म्हणाली, आणि ती "काय न्हाई" म्हणाली म्हणूनच तो घाबरला. आटपाडीच्या डॉक्टरनं गाठ चाचपून पाहिली आणि सरळ सांगलीचा रस्ता दाखवला.

सांगलीत डॉक्टर चौगुल्यांचा दवाखाना होता. उंच, शिडशिडीत माणूस. बोलणं इतकं हळू की पेशंटला पुढं वाकावं लागे. त्यांनी लपवाछपवी केली नाही. गाठ वाईट आहे, ती बाजू काढावी लागेल, म्हणाले. धोंडुबाई भिंतीकडं बघत बसली. दोन लेकरं त्या छातीवर वाढली होती, बाळासो तर डावीकडंच हट्टानं तोंड लावायचा. हे तिला आठवलं आणि फार वाईट वाटलं. पण ते डॉक्टरांना सांगण्यासारखं नव्हतं आणि आकारामला सांगितलं असतं तर तो तिथंच रडला असता. तिनं नुसती मान हलवली.

इकडं मनुबाईनं माळावरच्या म्हसोबापुढं पदर पसरला. सून चालत घरला येऊ दे, जत्रंला बोकड देते, साऱ्या वाडीला जेवू घालते. नवसात म्हातारीनं कधी हात आखडता घेतला नाही.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर म्हणाली, डाव्या हातातल्या बांगड्या काढा. सवाष्णीच्या हातातली बांगडी अशी उतरवायची म्हणजे धोंडुबाईला छाती कापण्यापेक्षा अवघड वाटलं. सिस्टर समजूतदार होती. तिनं साबण लावून एकेक सोडवली, तरी दोन पिचल्याच. उजव्या हातातल्या राहिल्या. असा अर्धा हात भरलेला, अर्धा रिकामा घेऊन धोंडुबाई आत गेली, आणि वाचून बाहेर आली.

आता पुढची चूक कुणाची म्हणायची? डॉक्टरांनी घरी सोडताना स्पष्ट सांगितलं होतं, पंधरा दिवसांनी टाके काढायला या, तोवर काढलेल्या गाठीची मुंबईहून तपासणी येईल, मग पुढचं ठरवू. आकारामच्या ध्यानात टाके राहिले. तपासणी म्हणजे त्याला सरकारी रिवाज वाटला. जनावर विकल्यावरही बाजारात कुणीतरी शिक्का मारतोच की. आणि चौथ्या दिवशी तर म्हसोबाची जत्रा होती, पौष पौर्णिमेची. जत्रा चुकली तर नवस वर्षभर लांबणार, आणि फेडायचा नवस लांबवला की देव दारात येऊन बसतो, हे वाडीत शेंबड्या पोरालाही माहीत.

तेव्हा बोकड पडला. वाडी जेवली. शेजारच्या रानातला नानासो तर असा जेवला की उठताना त्याला दोघांनी हात दिला. आकारामनं ढोलाच्या आवाजात सगळ्यांना सांगितलं, "बायकू बरी झाली, म्हसोबानं वाचीवली." धोंडुबाई ओट्यावर शाल पांघरून बसली होती. येणारी प्रत्येक बाई तिला कुंकू लावून जात होती. तिलाही खरंच वाटलं, की संपलं.

टाके काढायला दोघं सांगलीला गेली. टाके निघाले. जखम छान भरली होती. मग डॉक्टर चौगुले म्हणाले, "दोघंही बसा जरा."

ते बोलायला लागले तशी दोघं पुढं वाकली.

"जे काढलं ते आपण तपासायला पाठवलं होतं. तिथं त्या मांसाच्या सगळ्या कडा बघतात. कडेला चांगलं मांस लागलं, म्हणजे रोग सगळा बाहेर आला असं धरायचं. धोंडुबाईंच्या बाकीच्या कडा चांगल्या आहेत. काखेच्या बाजूची एक कड मात्र चांगली नाही. रोग थेट कापलेल्या कडेपर्यंत आलेला दिसतो."

"म्हंजी आत ऱ्हायलाय?" आकारामनं विचारलं.

"राहिला असेल. कदाचित नसेलही. ते वरून बघून कळत नाही. म्हणून त्या बाजूला पुन्हा थोडं कापायचं आणि नवी कड पुन्हा तपासायची."

आकारामचा चेहरा तापला. "मग डाक्टर, पयल्या बारीलाच सगळं का न्हाई काढलं?"

डॉक्टर रागावले नाहीत. "हाताला जेवढं लागलं त्याच्या पुढं बोटभर जाऊनच कापलं होतं, आकाराम. रोग त्याच्याही पुढं गेला होता. उघड्या डोळ्यांना ते दिसत नाही. काही जणांच्या बाबतीत असं होतं, आणि पुन्हा कापल्यावर बहुतेकांची कड चांगली लागते. मात्र लांबवू नका. आठवड्याभरात या."

धोंडुबाईला मेंढरांची खरूज आठवली. मेंढराला खरूज झाली की औषध चोळताना डागापाशी हात थांबवायचा नसतो, पुढं चांगल्या कातडीत शिरायचं असतं, नाहीतर खरूज त्याच कडेनं परत उठते. हे ती परकरात असल्यापासून करत आली होती. डॉक्टरांचं म्हणणं तिला एका दमात समजलं.

एस्टीनं विटा सोडलं. मग धोंडुबाई खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "घरात सांगायचं न्हाई."

"आगं पन आठवड्यात बोलावलंय."

"शाळू काढल्याबिगर मी हालनार न्हाई. आनि आवं, साऱ्या वाडीनं बोकड खाल्लाय. आत्याबाईंनी देवाला निवद दावलाय. तुमी गावभर दवंडी दिलीया, बरी झाली म्हनून. आता कुठल्या तोंडानं सांगायचं? देव खोटा पडंल आन्‌ म्हातारी हाय खाईल."

"मग शाळू झाल्यावर?"

"तवाचं तवा बघू. माझी आन हाय तुमास्नी."

आकाराम कबूल झाला. पाच हात उंच गडी, पण वर म्हटलंच आहे.

धोंडुबाईनं नवऱ्याला जी कारणं सांगितली ती सगळी खरी होती. पण तिच्या मनात त्यांच्या तळाशी आणखी एक कारण होतं. ती भ्याली होती. पहिल्या वेळी कापून घ्यायला ती धिटाईनं गेली, कारण एकदा सोसलं की झालं, असा हिशेब होता. आता तो हिशेब मोडला. दुसरी कडही वाईट निघाली तर तिसरी, मग चौथी. माणसाला कापून कापून किती कापणार? भूकंपात भ्यायला सवड नव्हती. आता सवडच सवड होती.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळूत उतरली. आमच्याकडं शाळू विळ्यानं कापत नाहीत, धाट मुळासकट उपटतात. दोन्ही हातांनी घट्ट धरायचं आणि कमरेतून ओढायचं. धोंडुबाई एका हातानं ओढायला लागली. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. दिवसभरात जेवढं रान मोकळं व्हायचं, तेवढ्यात एखादी म्हैस नीट बसली नसती. आकाराम तिच्या पुढं दुप्पट जोरानं उपटायचा आणि मधेच थांबून तिच्याकडं बघायचा. ती म्हणायची, "बघत काय हुबं ऱ्हायलाय?" असे दिवस जात होते, डॉक्टरांनी दिलेला आठवडा सरत आला होता, आणि काखेतल्या त्या कडेचा विचार भाकरीच्या पिठातसुद्धा तिच्या बोटांना लागत होता.

मनुबाई ओट्यावर बसून ऐकत होती. सून भाकरी थापायची तेव्हा परातीवर आता एकाच हाताच्या बांगड्या वाजायच्या. जत्रेच्या वेळी म्हातारीनं बांगड्या भरायचा विषय काढला होता, तेव्हा धोंडुबाई म्हणाली होती, टाके निघू द्यात. आता टाके निघाले होते, तरी डावा हात मुकाच होता.

अशात एका सकाळी जोतिबा कासार दारात आला. मनुबाईनं मुद्दाम सांगावा धाडून बोलावला होता. त्यानं ओट्यावर बांगड्यांचे सर मांडले. "या वैनी, हिरवा चुडा भरू. बऱ्या होऊन आलायसा."

धोंडुबाई दारातूनच म्हणाली, "आज नगं. फुडच्या बारीला."

"आगं सवाष्णीनं कासाराला नगं म्हनू नये," मनुबाई म्हणाली.

"हात जड हाय, आत्याबाई. ऱ्हाऊ द्या."

मनुबाईनं कान सुनेकडं वळवला. मग म्हणाली, "जोतिबा, तू चा घे आन्‌ फुडं जा बाबा. लागलं तर बोलावते." कासार गेल्यावर तिनं ओट्यावर हात थोपटला. "धोंडे, हितं बस. डावा हात दे."

धोंडुबाई बसली. म्हातारीनं तिचं रिकामं मनगट दोन्ही हातांत धरलं.

"बांगड्या भरायला नगं म्हंजी परत काढाय लागनार. परत बोलावलंय न्हवं सांगलीला?"

हे ऐकलं आणि धोंडुबाईचा बांध फुटला. गाठ लागल्यापासून ती कुणासमोर रडली नव्हती, ते सगळं त्या ओट्यावर बाहेर आलं. रडत रडतच तिनं कडेचं सगळं सांगितलं. खरजेचा दाखला दिला, तसं म्हातारीला चटकन कळलं. शेवटी ती म्हणाली, "आत्याबाई, आपुन नवस फेडून बसलोय. आता परत गेलो तर देव खोटा पडतोय."

"देव खोटा पडाय त्यो काय तुझा नवरा हाय?" मनुबाई म्हणाली. "त्याचं मी बघते. मला एवढंच सांग. तू भ्यालीस का?"

"व्हय."

"लय?"

"लय."

"मग आसं बोल की. म्हसोबाला कशाला मधी घालतीस?" आणि म्हातारीनं सुनेचं डोकं आपल्या मांडीवर ओढलं. पंचवीस वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं. दोघींनाही थोडं अवघडल्यासारखं झालं, पण उठलं कुणीच नाही.

संध्याकाळी मनुबाई आकारामचा हात धरून म्हसोबाच्या पारावर गेली. रानातून परतलेली माणसं तिथं टेकलेली असत. म्हातारी आपण होऊन पारावर आली म्हटल्यावर सगळ्यांनी सरकून तिला जागा केली. तिनं आडपडदा ठेवला नाही. सुनेची एक कड वाईट निघाली, परत कापायला न्यायची हाय, म्हणाली.

नानासोनं घसा खाकरला. माणूस वाईट नव्हता, जिभेला हाड तेवढं नव्हतं. "मनुमावशे, पन नवस फेडला की. मग परत आपरेशन कसलं? बोकड देवाला पोचला न्हाई का काय?"

"पोचला का न्हाई त्ये तूच सांग, नानासो. देवाच्या वाटचा निम्मा तर तूच खाल्लायस."

पार हसला. नानासोही हसला, दुसरा इलाज नव्हता. हसणं ओसरल्यावर म्हातारीनं खरी गोष्ट काढली.

"तुमी इरजिक घालता का न्हाई?"

घालतो की, माणसं म्हणाली. इरजिक आमच्या भागात कोण घालत नाही? ज्याचं काम अडलं त्यानं वाडीला हाळी द्यायची, वाडीनं जमून एका दिवसात ते उरकायचं, आणि संध्याकाळी त्या घरानं सगळ्यांना मटण-भाकरी घालायची. त्यात मजुरी नाही की उपकार नाही. आज माझं, उद्या तुझं.

"इरजिकीत काम आधी आन्‌ जेवान मागनं," मनुबाई म्हणाली. "आमी खुळ्यांनी उलटं केलं. जेवान आधी घातलं, काम ऱ्हायलंय. म्हनून काय जेवलेलं मानूस कामाला यायचं न्हाई म्हनतं व्हय? माझी सून सांगलीला जाती. रानात शाळू हुबा हाय. जत्रंला ज्यानं ज्यानं आमच्या दारात हात वला केला, त्यानं त्यानं परवा दिस उगवायला रानात यायचं."

मग कुणीतरी मागून हळूच विचारलं, "आन्‌ म्हसोबा?"

"त्यानं बी पयला वाटा घेटलाय. त्यो सांगलीला जाईल सुनंसंगं. काम दोन ठिकानी हाय, तवा वाटून घ्या."

हे सगळं आकारामनं घरी येऊन बायकोला सांगितलं. सांगताना त्याला शब्द सापडेनात, कारण मधेच हसू येत होतं. धोंडुबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "सकाळची पयली यष्टी किती वाजता हाय बघा." आन घातलेली गोष्ट कुणी कुणाला सांगितली, याची चौकशी तिनं केली नाही.

या वेळी सिस्टरला साबण लागला नाही. डावा हात रिकामाच होता. विजयमाला कराडहून येऊन आईच्या उशाशी राहिली, आणि आकाराम इरजिकीसाठी वाडीला परतला. डॉक्टर चौगुल्यांनी काखेच्या बाजूची जागा पुन्हा उघडली, पुढं जाऊन कापलं, शिवलं आणि काढलेलं मांस परत मुंबईला धाडलं. आटपाडीपलीकडची वाट खराब, म्हणून टाके निघेपर्यंत दवाखान्यातच राहा म्हणाले. त्या दिवसांत धोंडुबाईचं भय गेलं असं नाही. ते रोज सकाळी तिच्याबरोबर उठायचं. पण आता ती ते लपवत नव्हती. लेकीला म्हणायची, "आज लय भ्या वाटतंय गं." लेक तिचा हात धरून बसायची. एवढ्यानंसुद्धा भय निम्मं होतं, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा समजलं.

मग आकाराम आला तो इरजिकीची बातमी घेऊन. बायकोच्या कॉटशेजारी बसून त्यानं ढोलाच्या आवाजात सुरू केलं, तशी सिस्टरनं त्याला दोनदा हळू बोलायला सांगितलं. दिवस उगवायच्या आत सगळी वाडी रानात होती. सगळ्यात पुढं नानासो, आणि तोही घरची भाकरी फडक्यात बांधून. बायकांनी पात धरली ती गाणी म्हणतच. दुपारी आकाराम गुळाच्या चहाची किटली घेऊन गेला, तर लोक म्हणाले, मावशीला विचार, चा चालतो का, का त्योबी आधीच पाजलाय? मावशी बांधावर बसून होती. दिसत काही नव्हतं, पण धाट तुटलं की मुळासकट निघालं हे आवाजावरून ओळखून नावानिशी ओरडत होती. दिवस मावळायला रान मोकळं झालं. पेंढ्या बांधून झाल्या. मागून बायकांनी कणसंही खुडून दिली.

"समदा शाळू?" धोंडुबाईनं विचारलं.

"एक धाट न्हाई ऱ्हायलं."

ती छताकडं बघत पडून राहिली. वाडीसमोर कुठल्या तोंडानं जायचं, या काळजीपायी तिनं आपला जीव टांगणीला लावला होता. आणि वाडी तर दिवसभर तिच्या रानात वाकून उभी होती.

टाके काढायच्या दिवशी डॉक्टर स्वतः उठून दाराशी आले. ते हसत होते. तरी आकारामनं विजयमालाचा खांदा घट्ट धरला.

"कडा चांगल्या आहेत," डॉक्टर म्हणाले. "सगळ्या."

धोंडुबाईनं विचारलं, "काखंकडची?"

"तीच तर बघायची होती. तिथं अजून थोडा रोग होता, तो या वेळी निघाला. त्याच्या पुढं सगळं चांगलं मांस आहे. बरं झालं, वेळेवर आलात."

पुढं विजेचे शेक घ्यावे लागतील, दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, हेही त्यांनी सांगितलं. या खेपेला आकारामनं सगळं कान देऊन ऐकलं आणि परत म्हणून दाखवलं. मग तो दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसला आणि मुंडाशाचा सोगा तोंडाला लावून रडला. येणारे-जाणारे त्याला वळसा घालून जात होते. कुणीतरी गेलं असेल बिचाऱ्याचं, असंच त्यांना वाटलं असणार.

धोंडुबाईला रडू आलं नाही. तिला भूक लागली. महिन्याभरात पहिल्यांदा पोटातून कडकडून भूक लागली, आणि हलकं वाटलं, इतकं हलकं की उभं राहिल्यावर तिनं भिंतीला हात लावला. स्टँडच्या वाटेवर तिनं गाड्यावरची भडंग घेतली आणि चालता चालता खाल्ली. बाई माणूस रस्त्यानं खात निघाली म्हणून लेक कानकोंडी झाली. धोंडुबाईनं पुडा तिच्या पुढं केला. "खा. काय हुत न्हाई."

मग बांगड्यांचं दुकान दिसलं तशी ती थांबली.

कासारानं डावा हात बघितला. "सूज हाय, मावशी. नेहमीचं माप जायचं न्हाई. दुखंल."

"मोटं माप घाल. आन्‌ दुखू दे जरा."

हिरव्या बांगड्या एकेक करून चढल्या. आकाराम दुकानाबाहेर उभा राहून पैसे मोजायचं निमित्त करत होता आणि डोळे पुसत होता.

वाडीच्या फाट्यावर उतरल्यावर ती रानाकडून चालत आली. शाळू गेलेलं काळं रान बांधापासून बांधापर्यंत मोकळं पडलं होतं. कडबा रचून ठेवला होता, अंगणात कणसांचा ढीग होता. ओट्यावर मनुबाई सकाळपासून बसून होती. शेजारीण सांगते, त्या दिवशी फाट्यावर गाडी थांबली की म्हातारी घास तसाच हातात धरून कान टवकारायची.

पावलं वाजली तशी मनुबाईनं हात वर केला. "थांब. बोलू नगं कुनी."

सगळी अंगणात उभी राहिली.

"धोंडे, उजवा हात हालीव."

धोंडुबाईनं हलवला. बांगड्या वाजल्या.

"आता डावा."

धोंडुबाईनं डावा हात जेवढा वर जात होता तेवढा उचलला आणि हलवला. नव्या बांगड्या वाजल्या. मनुबाईनं पुन्हा हलवायला लावला, आणि आणखी एकदा. तिच्या न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"मोटं माप घातलंयस," शेवटी ती म्हणाली. "आवाज ढिला येतोय."

"हात सुजलाय, आत्याबाई."

"उतरंल." मनुबाईनं पदरानं तोंड पुसलं. "जा, हातपाय धू आन्‌ दोन भाकरी टाक. म्हसोबाला निवद न्यायचाय. सांगलीवरनं त्यो बी दमून आला आसंल."